युवा मार्गदर्शक आधी तयार करा, मग नेमा: धर्मग्रामांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

युवा गटासाठी प्रौढ मार्गदर्शक हवा असला की धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चभोवतीच्या कॅथलिक समुदायात, बहुधा एकच पद्धत चालते. मिस्सा (चर्चमधील उपासना) संपल्यावर फादर चर्चच्या पायऱ्यांवर कुणाला तरी थांबवतात, ‘तुम्ही शाळेत शिकवता, मुलांशी तुमचं जमतं, युवांचं जरा बघा,’ असे म्हणतात, समोरचा संकोचाने मान डोलावतो आणि पुढच्या रविवारच्या सूचनांत त्याचे नाव वाचले जाते. प्रशिक्षण झालेच तर सहा-आठ महिन्यांनी, तेही कुठे एकदिवसीय शिबिर लागले तर. तोपर्यंत त्याने नाताळचा गोठा, क्रिकेटची स्पर्धा आणि एक सहल अंगावर घेऊन पार पाडलेली असते आणि पुष्कळदा मनातून काम सोडलेलेही असते. माणूस वाईट निवडला गेला असे अशा वेळी म्हटले जाते. प्रत्यक्षात क्रम उलटा लागलेला असतो.

पुढील टप्पे वसई धर्मप्रांतातील मराठी भाषक धर्मग्रामे डोळ्यांपुढे ठेवून लिहिले आहेत. युवा म्हणजे येथे दहावीच्या उंबरठ्यावरच्या मुलांपासून नोकरीला लागलेल्या पंचविशी-तिशीतल्या तरुणांपर्यंत सगळे. या एकाच गटात १८ वर्षांखालील आणि त्यावरील अशी दोन्ही माणसे बसलेली असतात. देशाचा कायदा आणि चर्चचा कायदा हे दोन्ही १८ वर्षांखालील व्यक्तीला अल्पवयीन मानतात. पुढच्या अनेक सूचनांचे कारण एवढेच आहे.

सुरुवात करण्यापूर्वी: दिनदर्शिका उलटी मोजा

नवे मार्गदर्शक पेंटेकॉस्टच्या (पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणाच्या) रविवारी नेमायचे असे ठरवा आणि तेथून मागे मोजत या. पुनरुत्थान (ईस्टर) ते पेंटेकॉस्ट हे सात आठवडे प्रशिक्षणाचे, ईस्टरपूर्वीचा प्रायश्चित्तकाळ भेटी आणि पडताळणीचा, आणि जानेवारी काम लिहून काढण्याचा. या क्रमाचा एक व्यावहारिक फायदा असा की फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावी-दहावीच्या परीक्षांमुळे युवा गट तसाही थंडावलेला असतो आणि जूनमध्ये महाविद्यालये सुरू होतात, तेव्हा मार्गदर्शक तयार असतात. नोव्हेंबरच्या शेवटी येणारा ख्रिस्तराजाचा सण हा त्यांचा पहिला मोठा प्रसंग ठरतो, कारण २०२१ पासून धर्मप्रांतांच्या पातळीवरील जागतिक युवा दिन त्याच रविवारी साजरा होतो.

इशारा: जूनमध्ये जागा रिकामी झाली म्हणून जूनमध्येच भरू नका. एखादे वर्ष जुन्या मार्गदर्शकांनी ओढून नेले तरी चालते. अपुऱ्या तयारीचा माणूस नेमल्याची किंमत त्याहून जास्त पडते.

टप्पा १: काम एका पानावर लिहा

माणूस शोधण्यापूर्वी काम लिहा. महिन्याला किती तास, किती वर्षांसाठी, कोणाला उत्तरदायी, प्रवासखर्च कोण देणार आणि काय करायचे नाही, एवढे एका पानावर बसले पाहिजे. शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. मार्गदर्शकाने युवांची वर्गणी स्वतःच्या खात्यात किंवा फोनवर स्वीकारायची नाही, घरगुती भांडणांत निवाडा करायचा नाही आणि युवांनी करायचे काम स्वतः करायचे नाही.

हा तिसरा मुद्दा लोकांना पटवणे सर्वांत अवघड जाते. एका सभागृहातला प्रसंग माझ्या डोळ्यांपुढे आहे: रविवारची बैठक संपली होती, पन्नाशीचे मार्गदर्शक एकटे प्लास्टिकच्या खुर्च्या चार-चार करून रचत होते आणि बारा-पंधरा तरुण दारात उभे राहून मोबाइल बघत होते. मुले आळशी नव्हती. खुर्च्या अंकल उचलतात, हे त्यांनी दोन वर्षे पाहिले होते.

पोप फ्रान्सिस यांच्या २०१९ च्या ‘ख्रिस्तुस विवित’ या पत्राचा २४६ वा परिच्छेद हे पान लिहिताना जवळ ठेवावा. मार्गदर्शक कसा असावा याविषयी युवांनीच सिनडपूर्वी (बिशपांच्या परिषदेपूर्वी) जे सांगितले ते त्यात घेतले आहे: त्याने स्वतःच्या मर्यादा मान्य कराव्यात, त्याला कोणी देव्हाऱ्यात बसवू नये आणि त्याने युवांना मागे फरपटत न नेता त्यांच्याबरोबर चालावे.

संख्येबाबत माझे मत स्पष्ट आहे. मार्गदर्शक एकटा कधीच नसावा. किमान एक पुरुष आणि एक स्त्री हवीच, आणि गट तीसच्या वर गेला तर चौघे.

टप्पा २: निवड, भेट आणि पडताळणी

ज्याचा आवाज गोड, ज्याची फलंदाजी चांगली किंवा ज्याच्याकडे मोटार आहे, अशा माणसाकडे नजर आधी जाते. हे गुण उपयोगी असले तरी ते निवडीचे निकष नव्हेत. संभाव्य व्यक्तीला आधी चार बैठकांना पाहुणा म्हणून बोलवा आणि काहीही काम देऊ नका. तो दुसऱ्या बैठकीपर्यंत नावे लक्षात ठेवतो का, कोपऱ्यात बसलेल्या मुलीशी किंवा मुलाशी दोन शब्द बोलतो का, आणि बोलायला न मिळाल्यास अस्वस्थ होतो का, हे पाहा. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल तर मी पुढे जात नाही.

त्यानंतर धर्मगुरू आणि एक प्रापंचिक (धर्मगुरू वा धर्मभगिनी नसलेली सामान्य श्रद्धावंत व्यक्ती), अशा दोघांनी मिळून पाऊण तासाची भेट घ्यावी. हे काम का करावेसे वाटते, एखादा तरुण तुमच्याशी असहमत झाला तेव्हा तुम्ही काय केलेत, आणि घरच्यांचे यावर काय म्हणणे आहे, हे तीन प्रश्न पुरतात. घरच्यांचा प्रश्न बहुतेक जण विसरतात. विरारहून चर्चगेटला रोज ये-जा करणारा माणूस रविवारची संध्याकाळही देणार असेल, तर त्या घराचा होकार लागतोच.

शेवटी दोन ओळखीच्या व्यक्तींकडून लेखी अभिप्राय आणि पोलिसांचे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र घ्या. ‘अहो, लहानपणापासून ओळखतो आम्ही त्याला’ हे वाक्य प्रत्येक वेळी ऐकू येईल. नियम सर्वांना सारखा लावला तरच तो कोणाचा अपमान ठरत नाही. एका व्यक्तीला सूट दिली की दुसऱ्याकडे प्रमाणपत्र मागणे म्हणजे संशय घेणे होते.

तपासा: ज्याचा मुलगा किंवा मुलगी त्याच गटात आहे अशा पालकाला निवडत असाल, तर आधी त्या मुलाला एकट्याला विचारले का? त्याचा नकार पुरेसा समजा.

टप्पा ३: नेमणुकीपूर्वीच्या चार बैठका

दोन-दोन तासांच्या चार बैठका, दर पंधरा दिवसांनी एक, आणि दोन बैठकांच्या मध्ये काहीतरी करून पाहायचे काम, अशी रचना ठेवा. एकाच रविवारी सकाळी नऊ ते पाच बसवून सगळे उरकण्याचा मोह होतो, पण जेवणानंतर काय सांगितले हे कोणालाही आठवत नाही.

पहिली बैठक अम्माऊसच्या वाटेवरच्या प्रसंगावर घ्या, म्हणजे लूकच्या शुभवर्तमानातील २४ व्या अध्यायाच्या १३ ते ३५ या ओव्यांवर. प्रवचन देऊ नका. उतारा वाचून एकच प्रश्न विचारा: येशू शिष्यांना समजावून सांगायला लागण्यापूर्वी काय काय करतो? तो त्यांना गाठतो, त्यांच्याबरोबर चालतो, ते कशाविषयी बोलत आहेत हे विचारतो, आणि ‘तुला ठाऊक नाही काय?’ असे ऐकल्यावरही ‘कशाविषयी?’ असे पुन्हा विचारतो. ज्याच्याबाबत हे सारे घडले, तोच ते विचारत असतो. मार्गदर्शकांनी आपल्या शेवटच्या संभाषणात किती प्रश्न विचारले आणि किती उपदेश केला, हे त्याच वेळी कागदावर लिहावे.

दुसरी बैठक ऐकण्याच्या सरावाची आहे आणि सर्वांत जास्त भर हिच्यावरच द्यावा. तिघातिघांचे गट करा: एक तरुण होईल, एक मार्गदर्शक, तिसरा हातात घड्याळ घेऊन बसेल. तरुणाने म्हणायचे, ‘सर, बारावीत दोन विषय राहिलेत, घरी अजून सांगितलं नाही.’ घड्याळवाल्याने फक्त एवढेच टिपायचे की मार्गदर्शक सल्ला देण्यापूर्वी किती सेकंद थांबला. पहिल्या फेरीत अर्ध्या मिनिटाच्या आत ‘आमच्या वेळी’ सुरू होते, आणि सगळे हसतात, कारण प्रत्येकाला स्वतःचाच आवाज ऐकू आलेला असतो. दुसऱ्या फेरीत दोन मिनिटे फक्त प्रश्न विचारायची अट घाला: ‘कधी कळलं?’ ‘तेव्हापासून झोप लागते का?’ ‘घरात आधी कोणाला सांगता येईल असं वाटतं?’ यातला मधला प्रश्न मुद्दाम घातला आहे; निकालाबद्दल बोलणारी मुले झोपेबद्दल विचारल्यावर खरे बोलू लागतात, असा माझा अनुभव आहे.

‘प्रार्थना कर, सगळं ठीक होईल’ हे वाक्य या सरावात पहिल्या दहा मिनिटांसाठी बंद ठेवा. प्रार्थनेला कोणाचा विरोध नाही. पण ते वाक्य लवकर आले की समोरच्याला विषय संपला असे वाटते आणि तो उठून जातो.

मार्गदर्शक समुपदेशक नाही, हेही याच बैठकीत सांगा. मरणाची इच्छा बोलून दाखवणे, स्वतःला इजा करणे, व्यसन, महिनोन्महिने टिकणारी उदासी, यांपैकी काही दिसले तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नये, घरातल्या विश्वासू माणसाला सामील करून घ्यावे आणि डॉक्टरांपर्यंत पोचवावे. केंद्र सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येकाने तेथेच फोनमध्ये साठवावा.

तिसरी बैठक बालसंरक्षणाची. तिच्यासाठी पुढचा टप्पा वेगळा लिहिला आहे.

चौथी बैठक प्रत्यक्ष गटाची बैठक चालवण्याची. साठ मिनिटांचा आराखडा तरुणांनी करायचा, मार्गदर्शकाने तो फक्त पाहून एक प्रश्न विचारायचा: ‘नवीन आलेल्या मुलाला पहिल्या पाच मिनिटांत काय करायला मिळेल?’

तपासा: चारपैकी एक बैठक चुकलेल्या व्यक्तीने ती भरून काढली का? बालसंरक्षणाची बैठक चुकली असेल तर नेमणूक थांबवा. येथे अपवाद नाही.

टप्पा ४: बालसंरक्षण: तोंडपाठ हवे असे

ज्या गोष्टी येथे चुकतात त्या बहुधा वाईट हेतूने चुकत नाहीत. मुलाच्या भल्यासाठी, घराण्याच्या अब्रूसाठी, चर्चचे नाव खराब होऊ नये म्हणून, चांगली माणसे चुकीचे वागतात. म्हणून तत्त्वे सांगून थांबू नका, वाक्ये पाठ करून घ्या.

‘सर, एक सांगायचंय, पण कोणाला सांगू नका,’ असे अल्पवयीन मुलाने म्हटले तर उत्तर असे: ‘तू माझ्याकडे आलास हे बरं केलंस. पण कोणाला सांगणार नाही असं वचन मी देऊ शकत नाही. तुझ्या सुरक्षेसाठी गरज पडली तर मला मदत आणावी लागेल, आणि मी काय करतोय ते तुला सांगत राहीन.’ हे मोठ्याने, एकमेकांच्या डोळ्यांत बघून, प्रत्येकाने तीनदा म्हणावे. पाप-निवेदनातील गुपित हा केवळ धर्मगुरू आणि पापनिवेदक यांच्यातील विषय आहे. युवा मार्गदर्शकाला, तो धर्मभगिनी असो वा प्रापंचिक, तसे कोणतेही बंधन नाही आणि तसा आडोसाही नाही.

पॉक्सो कायदा (लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा), २०१२, याच्या १९ व्या कलमानुसार अल्पवयीन व्यक्तीवर लैंगिक अत्याचार झाल्याची किंवा होण्याची शक्यता असल्याची माहिती ज्याला आहे, त्या प्रत्येकाने ती स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला देणे बंधनकारक आहे. २१ व्या कलमाखाली माहिती न देणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत, आणि आपल्या हाताखालील व्यक्तीबाबतची माहिती दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर मात्र कारवाई होत नाही. फादरांना सांगितले म्हणजे हे कर्तव्य संपले, हा सर्वांत रूढ गैरसमज आहे. फादरांना सांगावेच, पोप फ्रान्सिस यांच्या २०१९ च्या आदेशानुसार धर्मप्रांताने उभारलेल्या तक्रार व्यवस्थेलाही कळवावे, पण पोलिसांना कळवणे त्यांतल्या कशानेही टळत नाही. तातडीच्या मदतीसाठी मुलांचा १०९८ हा क्रमांक आहे.

ऐकून घेताना चौकशी करू नका. ‘नक्की कुठे?’, ‘तू ओरडली का नाहीस?’ असे प्रश्न मुलाला दुखावतात आणि पुढच्या तपासालाही बाधा आणतात. मुलाने जे शब्द वापरले तेच शब्द, तारीख आणि वेळ यांसह त्याच दिवशी लिहून ठेवा. आरोप असलेल्या व्यक्तीला फोन करून ‘खरं काय ते सांग’ असे विचारू नका. मुलाची ओळख कोणत्याही व्हॉट्सॲप गटावर, अगदी प्रार्थनेची विनंती म्हणूनही, जाता कामा नये.

रोजच्या वागण्याचे नियम थोडके आहेत. अल्पवयीन व्यक्तीशी बंद दाराआड एकट्याने बोलू नये. दार उघडे असलेली किंवा काचेतून आत दिसणारी खोली निवडावी. एकट्या मुलाला किंवा मुलीला दुचाकीवरून घरी सोडू नये, उशीर झाला असेल तर पालकांना बोलवावे. संदेश गटावर पाठवावेत आणि त्या गटात किमान दोन प्रौढ असावेत; रात्री नऊनंतर नाही. मुलाने खासगी संदेश पाठवलाच तर उत्तर थोडक्यात द्यावे आणि त्याच दिवशी जोडीदार मार्गदर्शकाला सांगावे.

इशारा: ‘आपल्याकडे असं काही होत नाही’ असे कोणी बैठकीत म्हणाले तर वाद घालू नका, पण त्या व्यक्तीची नेमणूक पुढे ढकला.

टप्पा ५: नेमणूक

येथे फार वेळ घालवण्याची गरज नाही. पेंटेकॉस्टच्या मिस्सात नावे वाचून आशीर्वाद द्यावा, आचारसंहितेवर सही घ्यावी आणि पालकांची एक बैठक बोलावून मार्गदर्शकांची ओळख करून द्यावी. पालकांना कोणाकडे तक्रार करायची ते नाव त्याच बैठकीत सांगावे. ते मार्गदर्शकाचे स्वतःचे नाव असू नये.

टप्पा ६: पहिले सहा महिने

नव्या मार्गदर्शकाला जुना जोडीदार द्या. पहिले दोन महिने नव्या मार्गदर्शकाने पाहावे, पुढचे दोन दोघांनी मिळून चालवावे आणि शेवटचे दोन जुन्याने पाहावे. प्रत्येक बैठकीनंतर दहा मिनिटे दोघांनी उभ्याउभ्याच बोलावे: आज कोण बोलले नाही, कोण आले नाही, आणि मी कुठे जास्त बोललो. नाताळच्या गोठ्याच्या रात्री, विजेच्या तारा आणि वाळलेले गवत यांच्या मधोमध ही चर्चा होत नाही हे खरे आहे. पण म्हणूनच ती सवय त्याआधी लागलेली असावी.

गट ओसरला म्हणून घाबरून कार्यक्रम वाढवणे ही या काळातली नेहमीची चूक. पंचवीसचे अकरा झाले तर अकरांना भेटा, आणि न येणाऱ्यांपैकी प्रत्येकाला एकदा विचारा. कुणाची कामाची पाळी बदललेली असते, कुणाचा क्लास लागलेला असतो, तर कुणाला एका टोमण्याने घरी बसवलेले असते. शेवटचे कारण फक्त विचारल्यावर कळते.

टप्पा ७: सहल आणि निवासी शिबिर

पहिल्या सहा महिन्यांत निवासी शिबिर नवीन मार्गदर्शकाकडे देऊ नका. त्यानंतर देताना पालकांचे लेखी संमतिपत्र, औषधे आणि ॲलर्जीची नोंद, पालकांचे दोन क्रमांक, प्रथमोपचार पेटी, जवळच्या रुग्णालयाचा पत्ता, मुला-मुलींची वेगळी निवास व्यवस्था आणि प्रत्येक बाजूला किमान दोन प्रौढ, हे सारे निघण्याच्या एक आठवडा आधी जमलेले असावे. काही राहिले असेल तर तारीख बदला.

समुद्राबाबत वेगळे सांगायला हवे. अर्नाळा, राजोडी, कळंब हे किनारे आपल्या अंगणात असल्यासारखे वाटतात आणि ‘पोहता येतं मला’ म्हणणारा एक तरी प्रत्येक गटात असतो. भरती-ओहोटी न पाहता आणि जीवरक्षक नसताना कोणालाही पाण्यात जाऊ देऊ नये. पावसाळ्यात तर किनाऱ्यावरचा कार्यक्रमच ठेवू नये. मोजणी निघताना, लोकलमध्ये चढल्यावर, उतरल्यावर आणि जेवणापूर्वी करावी, आणि ती नावे वाचून करावी. नुसती डोकी मोजली की दुसऱ्याच गटातला एखादा मुलगा आपल्यात मोजला जातो. विरारच्या फलाटावर एकदा आमचेच असे झाले आणि आमचा मुलगा पुढच्या गाडीने मागाहून आला.

टप्पा ८: मार्गदर्शकांना आधार

प्रशिक्षण दिले की काम संपले असे समजून येथेच बहुतेक धर्मग्रामे थांबतात. महिन्यातून एकदा सर्व मार्गदर्शक आणि सहायक धर्मगुरू यांनी दीड तास एकत्र बसावे आणि त्यात आगामी कार्यक्रमांचा विषय काढू नये, कारण तो निघाला की दुसरे काहीच उरत नाही. कोणाचे ओझे जड झाले आहे, कोणत्या संभाषणाने झोप उडाली, आणि स्वतःची प्रार्थना कशी चालली आहे, एवढेच बोलावे. वर्षातून एक दिवस त्यांना चिंतनासाठी मिळावा, ज्यात त्यांच्यावर चहा-नाश्त्याचीही जबाबदारी नसेल.

थकव्याची खूण चिडचिड ही नसते. माणूस सगळेच स्वतः करायला लागतो, ‘मुलांवर सोडलं तर होणार नाही’ असे म्हणू लागतो आणि जोडीदाराला न सांगता निर्णय घेतो. असे दिसले तर कौतुक करून आणखी काम देऊ नका. दोन महिन्यांची रजा द्या आणि ती रजा आहे, शिक्षा नाही, हे सर्वांसमोर सांगा.

मुदत दोन वर्षांची ठेवा, एकदा वाढवता येईल अशी. मुदत संपल्यावर हस्तांतर एका संध्याकाळी, दोन्ही मार्गदर्शक समोरासमोर बसून करावे: हजेरीची वही, संमतिपत्रांची फाइल, सभागृहाची किल्ली, पावतीपुस्तक आणि शिल्लक रकमेवर धर्मग्राम कार्यालयाची सही. व्हॉट्सॲप गटाचे ॲडमिनपद त्याच टेबलावर बदलावे आणि जुन्या मार्गदर्शकाने तेथेच त्या गटातून बाहेर पडावे.